विस्तव आणते

“मॅडम, आग पकडतात कशी?” इंदुकला पेंदामनं वहीतून मान वर करून विचारलं.

“पकडत नाहीत हो. कॅच फायर म्हणजे पेट घेणं. घरानं पेट घेतला, गवतानं पेट घेतला.”

“पन पकडते कोन? गवत आगीले पकडते, का आग गवताले?”

मी इंग्रजी घेऊन एम. ए. केलं होतं, पहिला वर्ग मिळाला होता, पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. वाक्य मनातल्या मनात फिरवून पाहिलं. “गवत पकडतं,” मी म्हणाले.

“मंग बराबर आहे इंग्रजाइचं,” ती म्हणाली. “आग काई सोताहून कोनाच्या घरी जात नाई. वाळलेलं गवतच हात पुढं करते.” आणि तिनं वहीत ओळ पूर्ण केली. अक्षर शाळकरी मुलीसारखं सरळ, गोल.

करंजटोल्याच्या दवाखान्यामागे टेकाडावर एकुलतं एक क्वार्टर होतं. त्याच्या व्हरांड्यात रोज दुपारी एक ते दोन आमचा हा वर्ग भरायचा. माझा नवरा शंतनू तिथं डॉक्टर होता. आमची रेणू तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि दुपारी ती साडीच्या झोळीत तासभर झोपायची, तेवढाच माझा वेळ. इंदुकला आमच्या बाजूच्या जंगलाची वनरक्षक. गावात तिला सगळे गार्डबाई म्हणत. एकोणतीस वर्षांची, अंगानं बारीक, खाकी शर्ट-पॅन्ट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. बारावीनंतर नोकरी लागली, लग्न ठरलं आणि मोडलं, मग तिनं मुक्त विद्यापीठात बी. ए.ला नाव घातलं. बाकी विषय ती झाडाखाली बसून वाचायची. इंग्रजीपाशी गाडं अडलं आणि ती एक दिवस फाटकाशी येऊन उभी राहिली. “डॉक्टरसाहेब म्हने मॅडमले इंग्रजी येते.”

त्या दिवशी आमच्यापुढे गाईडमधलं एक पान होतं. आग लागण्याचे इंग्रजी वाक्प्रचार. खरे आणि लाक्षणिक असे दोन रकाने.

“फ्लेअर अप,” मी वाचलं. “भडकणं. आगही भडकते आणि माणूसही.”

“आमचे रेंजरसाहेब.”

“किंडल. चेतवणं. म्हणजे एखाद्याच्या मनात अभ्यासाची आवड वगैरे.”

“हे तुमच्याकडचं काम.”

“स्मोल्डर. धुमसणं.”

इथं मात्र ती हसली नाही. “हे सगळ्याइत वाईट,” ती म्हणाली. “भडकलेली निदान दिसते तरी. धुमसनारी तिसऱ्या दिवशी उठते. मागच्या साली एका खोडापाशी मी दोन दिवस बसून होती, भाकरी तिथंच खाऊन. लोक म्हने गार्डबाई पागल झाली, विझलेल्या लाकडाची राखन करते. अन् तिसऱ्या दिवशी पाहाटे ते उठलंच.”

“मग?”

“मंग काय. मी होतीच तिथं.”

उद्यासाठी मी तिला पाच वाक्यं करायला सांगितली. गाईडमधली उतरवायची नाहीत, स्वतःच्या मनानं.

“सोताच्या मनानं आगी लावू?” ती म्हणाली. “सरकार मले विझवायचा पगार देते जी.” मग जायला उठली, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, “आनखी एक विचारायचं होतं. समजा समोरून—”

झोळी हलली. रेणू जागी होऊन रडायला लागली.

“उद्या,” मी म्हणाले.

“उद्या,” तीही म्हणाली.

*

त्या काळातली मी कशी होते ते सांगितलं पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. मिरजेहून त्या जंगलात आले तेव्हा रेणू तीन महिन्यांची होती. मला सगळ्याची भीती वाटायची. विंचवाची, पाण्याची, डासांची, छताला लावलेल्या बांबूच्या तट्ट्यांतून काही पडेल त्याची. रेणू रांगायला लागली तशी मी घरातल्या जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच्या सगळ्या वस्तू हलवल्या. एकदा तिच्या मुठीत काडी सापडली, गुलाची, चोखलेली. त्याच संध्याकाळी मी घरातल्या काडेपेट्या होत्या नव्हत्या तेवढ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना देऊन टाकल्या. गॅसला लायटर होताच. देवापुढचा दिवासुद्धा बंद केला. शंतनू म्हणाला, “अगं, अति होतंय.” मी म्हणाले, “होऊ दे.”

आणि फेब्रुवारीतली ती गोष्ट. इंदुकला सकाळी दोन मजूर घेऊन आली होती. घराभोवतीचं गवत कापून एक पट्टा जाळून काढते म्हणाली, उन्हाळ्याआधी दर वर्षी काढतात. रेणूला तेव्हा खोकला होता, रात्रभर छाती वाजत होती. मी दार अर्धं उघडून म्हणाले, “धूर नको हो. बाळाला त्रास होईल. पुढच्या आठवड्यात बघू.”

तिनं घराकडे, मग गवताकडे बघितलं. “बरं,” म्हणाली. पुढच्या आठवड्यात सर्दी झाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात ताप. मग मजूर दुसरीकडे गेले. गवत कमरेएवढं वाढून वाळलं. घराच्या मागच्या भिंतीला ते टेकलेलं होतं, वारा आला की भिंतीवर खसखस वाजायचं. मला तो आवाज आवडायचा, खोटं कशाला सांगू.

*

दुसरा दिवस एप्रिलचा दुसरा की तिसरा असावा. मोहाचा हंगाम भरात होता. त्या दिवसांत गाव पहाटे चारलाच रिकामं होतं. म्हाताऱ्या, पोरं, सगळे टोपल्या घेऊन जंगलात आणि ऊन डोक्यावर आलं की परत. रात्री गळलेली फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळून घेतात. बहुतेकजण उभे राहून जाळतात, विझवून पुढे जातात. एखादा नाही विझवत.

शंतनू जीप आणि नर्सबाईंना घेऊन लसीकरणाला गेला होता. घरात मी आणि रेणू.

साडेअकराच्या सुमारास मला वास आला. आधी वाटलं कुणी तरी चूल पेटवली असेल. मग लक्षात आलं की चिमण्या गप्प आहेत. व्हरांड्यात आले तर पश्चिमेला, सागाच्या वर, आभाळ मळकं झालेलं. मी बराच वेळ तिकडे बघत उभी राहिले. लांब आहे, असं म्हणत राहिले. वारा तोंडावर येत होता.

मग शिट्टी ऐकू आली. लांबून, एकदा, दोनदा, मग सलग. इंदुकला गाडीवाटेनं धावत येत होती. हातात पळसाची पानं असलेली फांदी, गळ्यात शिट्टी. आज वही नव्हती.

“पोरगी कुठं हाय?”

“झोपलीय. काय झालं? लांब आहे ना?”

“नाई.” ती थेट स्वयंपाकघरात शिरली, रेग्युलेटर काढला, सिलिंडर एकटीनं उचलून बाहेर नेला आणि उतारावरून जुन्या विहिरीच्या खड्ड्याकडे लोटून दिला. तो गडगडत गेला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

“आपण गावात जाऊ,” मी म्हणाले. “नाल्यातून.”

“नाल्यात बांबू हाय. तिकडून आग आधीच उतरली. वाऱ्याच्या पुढं लेकरू घेऊन पळता येत नाई मॅडम.”

“मग घरात बसू. दारं लावून—”

“वरच्या तट्ट्याले एक ठिनगी लागली तं आतच राहाल.” हे सगळं ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, जणू उद्याचा वर्ग किती वाजता ते ठरवत होती. “तुमी असं करा. चादरी भिजवा. पोरीले पाठीशी बांधा, आमच्या बाया बांधतात तशी. पाठीवर, पोटाशी नाई. हात मोकळे पायजेत. मी भाहेरचं पाह्यते.”

मी आत पळाले. चादर बादलीत बुडवली. रेणूला झोळीतून उचललं तशी ती जागी झाली आणि मला बघून हसली. चादरीची गाठ बसेना. तीन वेळा बांधली. पाठीवर तिचा ओला, कोमट भार आला तेव्हा कुठे मी बाहेर पडले.

आणि मी बघितलं.

घरापासून वीस पावलांवर, गाडीवाटेच्या पलीकडच्या कडेला, इंदुकला उकिडवी बसली होती. तिनं काडी ओढली, ओंजळीत धरली आणि गवताच्या बुडाशी लावली. गवत पेटलं. ती दोन पावलं सरकली आणि पुन्हा काडी ओढली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते नेमकं सांगते, कारण पुढे मी स्वतःशी ते बरेचदा मवाळ करून सांगितलं. मला वाटलं, ही आम्हाला जाळतेय. फेब्रुवारीत मी दार अर्धं उघडून नको म्हटलं ते हिनं मनात ठेवलंय. इतकं ठेवलंय. एका क्षणात मला हे सगळं पटलं, आणि संतापाबद्दल गाईडच्या दुसऱ्या रकान्यात जे जे लिहिलं होतं ते माझ्या अंगात एकदमच झालं.

अंगणातल्या पाण्याच्या ड्रमाजवळ ओलं पोतं होतं. ते उचलून मी धावले आणि तिनं लावलेलं गवत झोडपायला लागले. पाठीवर रेणू हिसके खात होती. पहिला जाळ विझला, दुसरा विझला. इंदुकला उभी राहिली. “मॅडम, थांबा,” म्हणाली. मी तिच्या हातातली काडेपेटी हिसकावली, घराकडे धावले आणि ती पाण्याच्या ड्रममध्ये फेकली.

“वेड लागलंय तुम्हाला,” मी ओरडले. “माझं बाळ आहे इथं.”

ती ड्रमापर्यंत आली. आत बघितलं. काडेपेटी उघडून काड्या पाण्यावर पसरल्या होत्या. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा मात्र मी तिच्या चेहऱ्यात राग शोधला. नव्हता. ती हिशेब करत होती, किती वेळ उरला त्याचा.

“घरात दुसरी?”

“नाही.”

“एकही नाई?”

“मी सगळ्या देऊन टाकल्या.”

“लायटर?”

“गॅसचा. नुसती ठिणगी पडते. आणि सिलिंडर तर तुम्ही—”

“हाव. तो गेला.”

तोवर सागाच्या खालून आवाज यायला लागला होता. आग दिसायच्या आधी ऐकू येते हे मला माहीत नव्हतं. मोठ्या कढईत काही तरी तडतडावं तसा, आणि त्याखाली एक सलग घरघर. दोन ससे आमच्या अंगणातून आमच्याकडे न बघता निघून गेले.

इंदुकलानं माझ्या हातातलं ओलं पोतं घेतलं, डोक्याखांद्यावर ओढलं आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालायला लागली.

“कुठं चाललात?” माझा आवाज फाटला.

“विस्तव आनते,” ती म्हणाली.

माझ्या आजीच्या घरी शेजारची रखमाकाकू सकाळी वाटी घेऊन यायची आणि अगदी याच सुरात म्हणायची, विस्तव द्या हो थोडा. तेवढंच सोपं काम असावं तशी ती धुरात शिरली. तिची खाकी पाठ दिसत होती, मग नुसतं पोतं, मग तेही नाही.

ती किती वेळ गेली होती कोण जाणे. नंतर शंतनूनं जागा बघून अंदाज केला, तीन-चार मिनिटं. मला वाटलं ती गेली. पळून गेली किंवा मेली, त्या वेळी मला दोन्हीत फरक वाटला नाही. मी अंगणाच्या मधोमध उभी होते. रेणू खोकत होती. फेब्रुवारीतल्या त्या खोकल्यासारखंच. मी तिला धूर नको म्हणून हे सगळं केलं होतं.

आणि मग धुरातून ती बाहेर आली. दोन्ही हातांत दोन जळत्या फांद्या, अंगापासून लांब धरलेल्या, लग्नात मशाली धरतात तशा. डोक्यावरचं पोतं वाळून त्यातून वाफ निघत होती. ती चालत होती. धावत नव्हती. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, धावलं की फांदी विझते.

ती माझ्यासमोर आली आणि एक फांदी माझ्यापुढे धरली.

“धरा.”

मी हात मागे घेतला.

“मॅडम, आग येते ना, तिले खायाले काई ठेवायचं नाई. वाटेपल्याडचं गवत आपनच जाळून टाकाचं. ती येईल तवा तिच्यापुढं नुसती राख पायजे. समजलं?” तिचा श्वास लागला होता. “माह्या एकटीच्यानं आता होत नाई. वेळ गेला. मी मधातून हिकडं जाते, तुमी तिकडं, वाटंवरच्या आंब्याकडं. दोन-दोन पावलावर टेकवा. वाट वलांडून अल्याड ठिनगी आली तं पायानं दाबा. पोरगी पाठीवर हाय, मागं वारा नाई. तिले काई होत नाई.”

वेळ कुणामुळे गेला ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी फांदी घेतली. वाकले आणि गवताच्या बुडाशी टेकवली. आयुष्यात मी गॅस आणि निरांजन याशिवाय काही पेटवलं नव्हतं. गवत क्षणभर नुसतं धुरकटलं, मग काळं पडलं, मग त्यातून एक पिवळं बोट वर आलं. कालचं तिचं वाक्य खरं होतं. गवतानंच हात पुढे केला. मी दोन पावलं सरकले आणि पुन्हा वाकले. पाठीवर रेणूनं माझे केस मुठीत धरले होते. दोन पावलं आणि वाकायचं, दोन पावलं आणि वाकायचं. धुरानं डोळे मिटत होते. मी रडत होते की नुसतं पाणी येत होतं ते कळत नव्हतं. आंब्यापर्यंत पोचले तेव्हा माझ्यामागे एक वाकडीतिकडी पेटलेली रेघ होती आणि ती मी ओढलेली होती.

इंदुकला एव्हाना वाटेवर फिरत होती. पळसाच्या फांदीनं ती ठिणग्या मारत होती, पण कशी, ते बघण्यासारखं होतं. हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी पोत्यानं झोडपलं तेव्हा मीच ठिणग्या चौफेर उडवल्या होत्या. ती नुसती फांदी टेकवायची, दाबायची आणि जरा ओढायची, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पांघरूण सारखं करावं तशी. एक डोळा वाटेवर, एक समोर. मध्येच खाली वाकून चिमूटभर माती उचलायची आणि सोडून वारा बघायची.

आमची आग वाऱ्याविरुद्ध होती, त्यामुळे हळूहळू, नाइलाजानं पुढे सरकत होती. आधी हात दोन हात, मग चार हात, मग दहा. मागे काळी जमीन सोडत.

आणि मग सागातून ती बाहेर आली. मोठी. माझ्या दुप्पट उंचीची, रुंदी दिसतच नव्हती.

“आता हवा उलटते पाहा,” इंदुकला म्हणाली.

खरंच माझ्या पाठीकडून वारा आला. एवढा वेळ तोंडावर येणारा वारा थांबला आणि घराकडून जंगलाकडे वाहायला लागला. मोठी आग हवा ओढत होती. आमची ती रांगणारी आग एकदम उभी राहिली आणि धावत सुटली, मोठीच्या दिशेनं. दोघी मधल्या चढावर भेटल्या. एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, जाळ आभाळात गेला.

आणि संपलं. भेटल्या तिथं दोघींनाही खायला काही उरलं नव्हतं. कडांनी आग थोडा वेळ नाल्याकडे वाकून गेली आणि तिथल्या खडकांत बसून राहिली. आमच्यापुढे काळा, धुमसता उतार होता आणि मागे पांढरं क्वार्टर, व्हरांडा, झोळी, सगळं जागच्या जागी.

“चला,” इंदुकला म्हणाली आणि मला त्या काळ्या जमिनीवर घेऊन गेली. चपलेखाली गरम लागत होतं. “हितं बसू. आता हितं काई पेटत नाई. सगळ्याइत बरी जागा.”

आम्ही बसलो. मी पाठीवरची गाठ सोडली. रेणू राखेनं माखली होती, खोकत होती, आणि खोकल्याच्या मधल्या वेळात इंदुकलाच्या गळ्यातली शिट्टी धरायला बघत होती. इंदुकलानं शिट्टी तिच्या हातात दिली. तेव्हा मला तिचे हात दिसले, धुरात जाऊन विस्तव आणणारे. उजव्या तळव्यावर मोठा फोड आला होता, भुवया नव्हत्या.

“तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली न जी.” ती शिट्टीकडे बघत होती. “काडेपेटी पान्यात पडली तवा लई वाटली.”

मी बोलायला तोंड उघडलं.

“पानी आना आधी,” ती म्हणाली. “घसा वाळला.”

ड्रमातून तांब्या भरताना काड्या बाजूला साराव्या लागल्या. लाल गूल विरघळून पाणी त्या जागी किंचित गुलाबी झालं होतं. मग मी आतल्या माठातलं पाणी नेलं.

*

चौथ्या दिवशी, बरोबर एक वाजता, ती फाटकाशी उभी. तळव्याला शंतनूनं बांधलेली पट्टी, कपाळाखाली भुवयांच्या जागी दोन गुळगुळीत रेषा, त्यामुळे चेहरा सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. काखेत वही.

“आज सुट्टी घ्यायची,” मी म्हणाले.

“परीक्षा जूनमधे हाय मॅडम. जून थांबते का?” बसली. “तो सवाल राहिला होता. समोरून आग येते आन् आपन आपल्या बाजूनं लावतो. त्याले इंग्रजीत काय म्हंतात?”

आगीच्या आदल्या दुपारी तिला हेच विचारायचं होतं. झोळी हलली नसती तर माझ्याकडे एका दिवसाचं ज्ञान जास्त असतं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. एम. ए. झाल्यापासून विद्यार्थ्यासमोर हे मी पहिल्यांदा म्हटलं. “शोधून सांगते. तुमच्याकडं काय म्हणतात?”

“आमी?” तिनं विचार केला. “आमी काई म्हनत नाई जी. लावतो.”

मग तिनं वही उघडून माझ्यापुढे सारली. पाच वाक्यं, इंग्रजीत. डाव्या हातानं लिहिली होती म्हणून अक्षर कलंडलेलं. पहिलं मोहाच्या पाचोळ्याचं. दुसऱ्यात रेंजरसाहेब भडकले होते. तिसऱ्यात ते धुमसणारं खोड होतं. चौथ्यात तिनं लिहिलं होतं की मॅडमनी तिच्या मनात इंग्रजी चेतवलं. तिथं शब्द जरा मागेपुढे झाले होते.

पाचवं एक वाक्य नव्हतं, तीन छोटी होती. त्यांचा अर्थ असा, की मॅडमनी गवताला आग लावली. त्यांची मुलगी त्यांच्या पाठीवर होती. त्या पळाल्या नाहीत.

मी ते पुन्हा वाचलं. लाल पेन माझ्या हातात होतं, टोपण काढलेलं.

“इंदुताई,” मी म्हणाले. मी तिला आजवर पेंदामबाई म्हणत होते. “हे खरं आहे, पण याच्या आधीचंही लिहायला हवं. मी आधी काय केलं ते. ड्रम. काडेपेटी. फेब्रुवारीत मी—”

तिनं वही हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

“ते वाक्य लई लांब होते,” ती म्हणाली. “माह्याच्यानं इंग्रजीत जमत नाई.”

तासाभरानं उठताना तिनं शर्टाच्या खिशातून एक कोरी काडेपेटी काढली. घरात गेली, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीकडे बघितलं, हात पोचेना म्हणून टाचा उंचावल्या आणि डब्यांच्या मागे ती ठेवली. रेणू तिच्या बुटाची नाडी ओढत जमिनीवर बसली होती.

“उंच ठेवा मॅडम,” तिनं नाडी सोडवून घेत सांगितलं. “पन ठेवा.”

रेणू आता नऊ वर्षांची आहे. आम्ही मिरजेला परतलो त्याला बरीच वर्षं झाली. ओट्यावरची शेगडी आता बटण दाबलं की पेटते. सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे, एक काडेपेटी असते. दर एप्रिलमध्ये मी ती उतरवते, एक काडी ओढून बघते आणि परत ठेवते.